महिनाभर कुणी भांडलं नाही

प्रिय ताई,

फोन असताना हिला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तू म्हणशील. फोनवर तू मध्येच 'हं' म्हणतेस. तो 'हं' रागाचा असतो, कंटाळ्याचा असतो की गॅसवर काहीतरी करपतंय म्हणून असतो, हे मला कळत नाही. मी त्याच्यातच अडकते आणि पुढचं विसरते. पत्रात तुला 'हं' म्हणायची सोय नाही. शिवाय मला जे सांगायचंय ते फिरून फिरून तुझ्यापाशीच येणार आहे, आणि तू मध्ये बोललीस की मी गप्प बसते, ही माझी लहानपणापासूनची खोड. तेव्हा खुर्ची ओढून बस आणि शेवटपर्यंत वाच. अर्ध्यात फोन लावलास तर मी उचलणार नाही, आधीच सांगून ठेवते.

तर गोष्ट अशी, की गेला महिनाभर माझी खात्री झाली होती, आपली नोकरी जाणार. तसं कुणी म्हणालं नव्हतं. उलट सगळे माझ्याशी फार चांगले वागायला लागले होते. हसू नकोस. चांगलं वागणाऱ्या माणसाला मी किती घाबरते ते तुला माहीत आहे. ओरडणारा माणूस परवडला, त्याला काय हवंय ते त्याच्या तोंडातून आपसूक बाहेर पडतं. गोड बोलणाऱ्याचं सगळं पोटात. शाळेत मोठ्या बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावून बिस्किटांचा अख्खा पुडा दिला होता, आठवतं? मी पुडा संपवून नाचत घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावणं आलं की हिच्यासाठी दुसरी शाळा बघा. पुढे त्या विम्याच्या कचेरीत साहेबांनी माझ्या खुर्चीला नवी गादी लावून दिली, 'आरामात बसा हो' म्हणाले, आणि त्या गादीवर मला धड आठवडाही बसू दिलं नाही. लग्नाचं बघत होतो तेव्हा त्या मुलाच्या आईनं माझा हात हातात घेऊन 'किती शांत पोर आहे' म्हटलं, तेव्हाही रस्त्यात तूच मला सांगितलंस की झालं, हे फिसकटलं. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकते.

तू होतीस तोवर निभावत होतं. पाहुणे गेले की आपण दोघी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चढून बसायचो आणि तू मला एकेकाचा उलगडा करून सांगायचीस. आत्या 'अगं, किती वाळलीस' म्हणाली ती काळजी नव्हती, आईला टोमणा होता. शेजारचे काका 'बसा ना, जाल सावकाश' म्हणता म्हणता उभे राहिले, म्हणजे आपण उठायचं. मी आ वासून ऐकायचे. तू नसतीस तर मी अजून त्या काकांच्या सोफ्यावर बसलेली असते. मग तुझं लग्न झालं, तू लांब गेलीस आणि उलगडे माझे मलाच करावे लागले. माझ्याकडे तुझ्यासारखी नजर नाही. मग मी सरसकट सगळ्यांवर संशय घ्यायला लागले. त्यात निदान फसगत होत नाही. तू मला डॉक्टरांकडे नेलंस आणि त्यांनी चाळिशीत मला ऑटिझम असल्याचं सांगितलं, तेव्हा तू रडलीस. मी नाही रडले, मला त्याच्या मराठी नावाचा राग आला. म्हणे स्वमग्न! मी कुठे गं स्वतःत मग्न असते? मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांच्याच चेहऱ्यांत मग्न असते, हाती काही लागत नाही ती गोष्ट वेगळी.

आता कारखान्याचं. तू येऊन गेलीस, पण तू माणसं पाहिलीस, काम पाहिलं नाहीस, म्हणून नीट सांगते. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवतात, आम्ही त्यांत प्लास्टर ओतून साचा काढतो आणि दात करून देतो. मेणकाका मेणाचा दात घडवतात, त्यावरून खरा होतो, शेवटी भोंगाबाई त्याला पॉलिश करते. मधलं, खिडकीजवळचं टेबल माझं, रंगाचं. डॉक्टरांनी रंगाच्या पट्टीवरचा नंबर लिहून पाठवायचा आणि मी त्या पट्टीशी ताडून कुंचल्यानं दाताला रंग चढवायचा, मग भट्टीत भाजायचा. लोकांना वाटतं दात पांढरा असतो. कसला पांढरा! हिरडीपाशी पिवळट असतो, टोकाला निळसर असतो आणि मध्ये काय असतो ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. मला चेहरे लक्षात राहत नाहीत, दात राहतात. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ मला जिन्यात रोज भेटतात. तोंड मिटलेलं असलं तर मला ते कोण ते कळत नाही, मी तशीच पुढे जाते, आणि ते सगळ्यांना सांगतात की ही बाई फार शिष्ट आहे.

कारखान्यात मला करवत म्हणायचे. मेणकाकांनीच ठेवलेलं नाव. मी तोंडावर बोलते आणि थांबत नाही म्हणून. ते सकाळी मेणाचा दात माझ्यापुढे ठेवायचे, मी म्हणायचे की हा माणसाचा आहे की उंटाचा, ते म्हणायचे, ए करवत, तू तुझ्या रंगाचं बघ, कालचा तुझा दात चहात बुडवून काढल्यासारखा होता. मग मी पट्टी घेऊन खिडकीत जायचे, ते मागून यायचे, आणि आम्ही दोघं उजेडात दात धरून चहा येईपर्यंत भांडायचो. मालक मधूनच ओरडायचे की दात लावायचेत की पाडायचेत. भोंगाबाईचं तर काय, इतकी वर्षं मशीनशेजारी बसून तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, ती कुजबुजली तरी रस्त्यावरचे लोक वर बघतात. ताई, मला तिथे छान वाटायचं. माझ्या आयुष्यात ती एकच जागा होती जिथे कोण काय म्हणतंय ते मला तिथल्या तिथे कळायचं.

आणि एका सोमवारी हे सगळं बंद झालं. मी गेले तर माझ्या डोक्यावरची घूं घूं करणारी ट्यूबलाइट गायब, तिथे नवा मऊ पिवळसर दिवा. खिडकीला पडदा. मेणकाका, ज्यांच्या शिट्टीपायी मी कितीदा जिन्यात जाऊन उभी राहिले आहे, ते शिट्टी न वाजवता काम करत होते आणि त्यांच्या अंगाला नेहमीच्या अत्तराचा वास नव्हता. भोंगाबाई नुसती मान हलवून हसली. भोंगाबाई! मालक जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले की काही लागलं तर सांगा, घाई नाही, सावकाश होऊ द्या. मेणकाकांनी दात ठेवला. मी सवयीनं म्हटलं, उंटाचा आहे. तर ते म्हणाले, 'बरं, तुम्ही म्हणाल तसं.' तुम्ही! इतक्या वर्षांत त्या माणसानं मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. म्हटलं, बाई गं, इथेही गादी आली.

मी पारख करायचं ठरवलं. एक दिवस मुद्दाम उशिरा गेले, मालक घड्याळाकडे बघून हसले. एक दिवस प्लास्टरनं माखलेल्या चपला घालून भोंगाबाईनं नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून चालत गेले. एरवी तिनं माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या. तिनं मुकाट्यानं फडकं घेतलं आणि पुन्हा पुसलं. मी खोलीत शिरले की बोलणं थांबायचं, मी बाहेर पडले की सुरू व्हायचं. पाणी कुठेतरी नक्की मुरत होतं. आधी वाटलं, कारखाना विकायला काढला असेल. मग वाटलं, माझ्या जागी कुणीतरी नवीन येणार, तिच्यासाठीच तो दिवा आणि पडदा. मग वाटलं, मला काही मोठा आजार झालाय आणि तो मी सोडून सगळ्यांना माहीत आहे. रोज घरी येऊन मी चेहरे आठवायचे, कोण कुणाकडे बघून काय करत होतं ते जुळवायचे, आणि जेवायचं राहून जायचं. तुला फोन करून विचारावं असं शंभरदा मनात आलं. पण तूही त्या दिवसांत फोनवर फार गोड बोलत होतीस गं. 'राणी' म्हणायला लागली होतीस. मला तू कधीपासून राणी म्हणतेस?

त्यातून माझ्या कामाचं सुरू झालं. पाठवायच्या डब्यात ठेवलेले माझे दात मला माझे वाटेनात. आपण कुंचला कसा फिरवतो ते आपल्याला माहीत असतं. हिरडीच्या कडेला मी रंग ओढून सोडते, पुसून घेत नाही. डब्यातल्या दातांची कड पुसलेली होती. एकदा वाटलं भास असेल. दुसऱ्यांदा वाटलं नाही. कुणीतरी माझ्या कामाला हात लावत होतं, आणि तो हात मेणकाकांचा आहे याबद्दल मला शंका नव्हती, कारण तरुणपणी रंगाच्या टेबलावर तेच बसायचे. म्हटलं, अस्सं आहे काय! माझे दात बिघडवायचे, मग डॉक्टरांच्या तक्रारी येणार, मग मला काढायचं आणि टेबल परत घ्यायचं. वर तुम्ही-तुम्ही करून मला झुलवायचं. गोगलगाय आणि पोटात पाय. त्या माणसाचा मी इतका राग केला ताई, की त्याच्या चहाच्या कपाशेजारी माझा कप ठेवणं बंद केलं.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन गच्चीच्या जिन्यात बसते, तिथे कुणी येत नाही. गेल्या मंगळवारी डबा उघडला तर आत सगळं सांडलेलं, एकात एक मिसळलेलं. मिसळलेलं मला खाता येत नाही, तुला माहीत आहे. मी तशीच उठून परत आले. तर खिडकीचा पडदा सारलेला, आणि उन्हाच्या उजेडात मेणकाका, मालक आणि भोंगाबाई तिघं डोकी एकत्र करून उभे. मेणकाकांच्या हातात माझा कुंचला, आणि चिमट्यात माझा दात. मी सकाळी केलेला. मला बघून मालकांच्या हातून रंगाची पट्टी पडली. 'काही नाही, काही नाही' असं ते लागोपाठ म्हणत राहिले. तिघं उभे राहून माझा दात रंगवतायत आणि म्हणे काही नाही! मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, चोर हा शब्द होता एवढं आठवतं. मेणकाकांनी कुंचला खाली ठेवला.

शेवटी भोंगाबाईचा धीर सुटला. महिनाभर तिच्या तोंडाला कुलूप होतं ते एकदम निघालं. तिनं जे सांगितलं ते खालच्या दुकानदारांनीही ऐकलं असेल. म्हणाली, अगं बये, तुझे दात पिवळे होतायत! महिना झाला, एकेक दात पिवळा होतोय, आधी डॉक्टरांनी ते परत पाठवले, एकानं तर काम देणंच बंद केलं. तेव्हापासून हा बिचारा रोज तुझ्या जेवणाच्या सुट्टीत आणि तू गेल्यावर मागे थांबून ते खरवडून नीट करतोय. तुला सांगणार कोण? तुझी ताईच येऊन हात जोडून सांगून गेली ना, की हिला असं असं आहे, हिच्या डोक्यावरचा दिवा बदला, ऊन सोसत नाही, शिट्टी सोसत नाही, वास सोसत नाही, आणि हिला बोलू नका, हिला लागतं, हिला सांभाळून घ्या. घेतलं सांभाळून!

दिवा, ताई. पिवळ्या दिव्याखाली पिवळेपणा कळत नाही. पट्टीही पिवळी दिसते, दातही पिवळा दिसतो, डोळा म्हणतो अजून थोडा चढव, आणि मी चढवत गेले. हे रंगाच्या टेबलावर बसणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात. दात दिवसाच्या उजेडात बघायचा, ऊन नसेल तर त्या घूं घूं करणाऱ्या पांढऱ्या ट्यूबखाली. मला हे माहीत नव्हतं का? पण त्या सोमवारी डोक्यातली घूं घूं थांबली आणि इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की मी त्या दिव्याकडे मान वर करून एकदासुद्धा पाहिलं नाही. पडदा सारून खिडकीत जावं तर भांडायला सोबत कोण होतं? महिनाभर मी मालकावर संशय घेतला, मेणकाकांवर घेतला, भोंगाबाईवर घेतला, माझ्या स्वतःच्या तब्येतीवर घेतला. ज्याच्यावर घ्यायचा तो डोक्यावर लोंबत होता.

मग माझे शब्द गेले. ते जातात तेव्हा कसे जातात ते तू पाहिलंयस. मी प्लास्टरच्या गोण्यांच्या खोलीत जाऊन बसले आणि उघड्या गोणीतल्या गार भुकटीत कोपरापर्यंत हात घालून ठेवले. तिथे बसल्यावर एकेक गोष्ट जागेवर पडायला लागली. तू माझ्याकडे राहून परत निघालीस त्या दिवशी मी जेवून जिन्यातून परत आले तेव्हा मेणकाकांनी मला माझी छत्री दिली होती, ताई देऊन गेल्या म्हणाले, तू घरी विसरलीस म्हणून. मी छत्री विसरत नाही. मी आजवर कुठलीही वस्तू विसरलेली नाही, त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं म्हणून मुद्दाम ठेवली होती. तेव्हाच मला खटकायला हवं होतं. आणि ती शिट्टी! शिट्टीनं माझ्या दातांच्या मुळापर्यंत कळ जाते, हे मी या जगात फक्त एका माणसाला सांगितलं होतं. सगळ्यांवर संशय घेताना मी तुला तेवढं वगळलं होतं.

मला तुझा राग आला, ताई. फार आला. तू वाईट हेतूनं केलं नाहीस, एवढा उलगडा मला माझा मी करता येतो. तू आठ दिवस माझ्याकडे राहिलीस, मी रोज कानांत कापूस घालून घरी येते आणि दिवा न लावता बसते ते पाहिलंस, तुझा जीव तुटला. पण तुझा जीव तुटला म्हणून तू डॉक्टरांनी मला दिलेलं ते नाव नेऊन त्यांना देऊन टाकलंस. ते माझं होतं गं. मी त्यांना कधीतरी सांगितलं असतं, नसतंही सांगितलं, भांडता भांडता मेणकाकांच्या तोंडावर फेकलं असतं. तू हात जोडलेस. माझ्यासाठी कुणी कुणापुढे हात जोडावेत असं मी काय केलंय? करवत होते ती मी एका दिवसात पेशंट झाले. आणि पेशंटशी कोण भांडतं? पेशंटला कोण सांगतं की तुझा दात चुकला? बसून बसून मला रडू आलं. तोंड पुसायला गेले तर सगळं प्लास्टर तोंडाला लागलं.

तशीच बाहेर आले. स्टुलावर चढले आणि आधी पडदा काढला. मग मालकांना म्हटलं, माझी जुनी ट्यूब कुठे आहे ती आणा. ते म्हणाले, पण त्रास होईल. मी म्हटलं, होईल, माझा आहे, मी कानात बोळे घालीन आणि डोळ्यांवर सावली धरणारी टोपी घालीन, पण दात मला पांढऱ्या उजेडातच दिसतो. आणि शिट्टी मात्र खरंच नको, मेणकाका, ती मला सोसत नाही, हे मी सांगतेय, दुसरं कुणी सांगत नाहीये. अत्तर चालेल, सकाळी सकाळी नको. बोलायचं असेल तर समोरून बोला. काढायचं असेल तर तेही आत्ताच सांगा, गादी देऊ नका. गादीचं त्यांना काही कळलं नाही, पण मालक खाली बघायला लागले. माझा संशय अगदीच खोटा नव्हता, ताई. त्यांनी कबूल केलं. या महिन्याअखेर मला रंगावरून काढून प्लास्टर ओतायच्या कामावर बसवायचं त्यांनी ठरवलं होतं. 'तिथे तुम्हाला ताण नाही' म्हणाले. मी म्हटलं, तिथे मला टेबलही नाही. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघू नका, आज मी केलेले सगळे दात पुढ्यात ठेवा आणि उद्या ट्यूबखाली तेच पुन्हा करते, मग ठरवा. मग त्यांनी स्वतः शिडी आणली.

दुसऱ्या दिवशी मी टोपी घालून बसले. घूं घूं होतीच. संध्याकाळी मेणकाकांनी माझा पहिला दात उचलला, खिडकीत धरला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला. मी बोळे काढून उभी. वाटलं, आता हा माणूस 'छान आहे हो' म्हणाला तर मी इथेच राजीनामा देते. ते म्हणाले, 'ए करवत, याचं टोक कुणी करायचं, तुझ्या बापानं?' ताई, मला इतका आनंद झाला की मी त्यांना म्हटलं, टोक तुमच्या मेणातच वाकडं आहे, त्याला रंग काय करणार! मग ते माझ्या मागे, मी त्यांच्या पुढे, भोंगाबाई मध्येच आपलं घोडं दामटतेय, मालक डोक्याला हात लावून. बाकीचे दात ठीक निघाले. सगळे नाही, एक चुकला. तो मी पुन्हा नव्यानं केला, सगळ्यांसमोर. टेबल सध्या माझं आहे. ज्या डॉक्टरांनी काम बंद केलंय ते अजून परत आलेले नाहीत, ते आले नाहीत तर मालक पुन्हा विचार करतील, हे त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली.

आता तुझ्या राणी म्हणण्याचं. परवा फोनवर तू शेवटी मुद्द्यावर आलीस. तुझ्या लेकीलाही डॉक्टरांनी तेच नाव दिलंय, तिला ते अजून सांगितलेलं नाही, आणि येत्या सोमवारी तू शाळेत जाऊन तिच्या बाईंना सगळं सांगणार आहेस. मी सोबत यावं, म्हणजे बाईंना दिसेल की अशी मुलंही मोठेपणी पायावर उभी राहतात. मी तेव्हा 'बघते' म्हटलं. त्याचं हे उत्तर, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. मी येईन. पण त्याआधी तू तिला सांग. बाईंना नाही, शेजारणीला नाही, तिला. मग तिला विचार की शाळेत सांगू का, काय सांगू आणि काय नको. ती नको म्हणाली तर तूही जायचं नाहीस आणि मीही येणार नाही. हो म्हणाली तर ती त्या खोलीत आपल्या मध्ये बसेल, दाराबाहेरच्या बाकावर नाही, म्हणजे आपण काही चुकीचं बोललो तर तिला तिथल्या तिथे 'खोटं आहे' म्हणता येईल. बाईंपुढे हात जोडू नकोस. मुलीला काय सोसत नाही ते तिचं तिला सांगू दे, आणि माझ्यातर्फे बाईंना एवढंच सांग, की तिचं गणित चुकलं तर तिच्यासमोर लाल रेघ मारा, तिच्या मागे पुसून बरोबर करू नका. विचारलंस की तिचं उत्तर तू मला कळवू नकोस. फोन तिच्या हातात दे.

रागावलेली, तरीही तुझीच,
धाकटी